खाडाखोडीशेजारची सही

आमच्या घरात किराण्याची यादीसुद्धा रुजवात घेतल्याशिवाय दुकानात जात नाही. रुजवात म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर ओळीओळीला टिक करायची. आमचे हे नगरपालिकेत कारकून म्हणून लागले, तिची महापालिका झाली, हे हेड क्लार्क होऊन निवृत्त झाले, पण रुजवात काही निवृत्त झाली नाही. मी भाजी चिरत असते आणि हे बाहेरून ओरडतात, "तूरडाळ एक किलो!" मी आतून म्हणते, "टिक!" आता कागद माझ्या हातात नाही, तर टिक कशावर करणार? पण म्हणावं लागतं, नाहीतर पुढची ओळ वाचत नाहीत. चाळीस वर्षं मी या माणसाबरोबर टिकटिक करत काढली आहेत.

तर या रुजवातीने गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जो गोंधळ घातला, त्याची ही हकिगत.

आमची लेक बेलफास्टला नर्स आहे. तिकडच्याच एका मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा उंच, लाजरा, वरणभातावर तुटून पडणारा. त्यांना मुलगी झाली. बारशाचं बारा दिवसांचं गणित केव्हाच हुकलं होतं, पण बारसं भिवंडीतच, आपल्या घरी, असा लेकीचा हट्ट. म्हणून नात सात महिन्यांची झाल्यावर सगळे आले, आणि बरोबर जावयाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. रविवारी बारसं आणि गुरुवारी सकाळी ही मंडळी दारात.

विहीणबाई सत्तरीच्या. काटकुळ्या, ताठ, गळ्याला कायम एक रुमाल बांधलेला. मला धाकधूक होती की या बाईंना आमचा तिसरा मजला, खालचा भोंग्यांचा कलकलाट, सगळं झेपेल का. त्या आल्या, बूट काढले, सरळ गॅलरीत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. नारपोलीच्या बाजूने लूमचा खडखडाट येत होता. आम्हाला तो ऐकूही येत नाही, बंद पडला तर मात्र लगेच कळतं. "हा आवाज कसला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, यंत्रमाग, कापड विणतात. तर बाईंचे डोळे भरून आले. त्यांची आजी तिकडच्या तागाच्या गिरणीत कामाला होती म्हणे. आवाजात बोललेलं ऐकू येत नसे म्हणून गिरणीतल्या बायका ओठ वाचून गप्पा मारायच्या. आजी घरीसुद्धा तोंड मोठ्ठं उघडून बोलायची. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे लूमवाल्यांच्या घरात फोनवर बोलतात ते रस्त्याच्या टोकाला ऐकू येतं. त्या हसल्या आणि मला त्या तिथल्या तिथे आवडून गेल्या.

त्यातून कळलं की त्या पोस्टात काउंटरवर होत्या, पस्तीस वर्षं. झालं! आमच्या ह्यांना तर हरवलेली बहीणच सापडली. स्टॅम्प, आवक-जावक, शाईचा पॅड सुकला की काय करावं, एक ना दोन. ह्यांचं इंग्रजी ऑफिसातलं, प्रत्येक वाक्यात एक 'काइंडली'. "काइंडली घ्या, मॅडम," म्हणून पोह्यांची बशी पुढे करायचे. बाईही तितक्याच गंभीरपणे "नोंद घेतली" म्हणायच्या. जावई आणि लेक एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसत होते.

दुपारी जेवताना माती मीच खाल्ली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, जीभ गप्प बसेना. मी विचारलं, "तुमच्याकडे दोन्ही आयर्लंड एक करायचं म्हणतात ते होणार का हो?" टेबलाखाली ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता.

त्यांचा प्रश्न असा. बेट एकच, पण वरचा तुकडा ब्रिटनकडे आणि बाकीचा स्वतंत्र देश. वरच्या तुकड्यात राहणाऱ्या काहींना वाटतं आपण ब्रिटिश, काहींना वाटतं आपण आयरिश. कधीतरी मतदान होईल, आज ना उद्या, असं सगळे म्हणतात आणि सगळे त्यावरून भांडतात. आमच्या जावयाला एक देश हवा. विहीणबाईंना नको.

"सीमा म्हणजे आहे काय?" जावई म्हणाला. "गाडी चालवताना कळतसुद्धा नाही. पाटीवरचे मैल जातात आणि किलोमीटर येतात, बस."

"मैल माझे आहेत," विहीणबाई म्हणाल्या.

"शेलार गावाकडे गेलं की आमची पण महापालिका संपते आणि ग्रामपंचायत लागते," हे मध्येच म्हणाले, "रस्ता तोच, खड्डे वेगळ्या खात्यात." वातावरण हलकं करायला बिचारे बोलले.

बाईंनी मग शांतपणे सांगितलं. त्यांचं माहेर एका वस्तीत, नवऱ्याचं घर दुसऱ्या वस्तीत, मध्ये उंच भिंत. भिंतीला फाटक, ते संध्याकाळी बंद व्हायचं. ह्या प्रोटेस्टंट, तो कॅथलिक. लग्न केलं तर दोन्ही घरांनी दोन वर्षं तोंड बघितलं नाही. "मी त्या माणसावर चाळीस वर्षं प्रेम केलं आणि चाळीस वर्षं त्याच्या विरुद्ध मत दिलं," त्या म्हणाल्या. "मी ज्या देशात जन्मले त्याच देशात मला मरायचंय. खुर्ची न हलवता. कुणी मला खुर्चीसकट उचलून दुसऱ्या खोलीत ठेवू नये एवढंच माझं म्हणणं." जावई हसला आणि त्याने आईच्या ताटात आणखी एक पुरी टाकली. वर्षानुवर्षांचं भांडण असावं, मायेने मुरलेलं. भिंती म्हणजे काय ते भिवंडीकरांना समजावून सांगावं लागत नाही, आणि मला तर नाहीच नाही. मी बौद्ध घरातली आणि हे हिंदू घरातले. पण ते मी तेव्हा बोलले नाही.

जेवणं झाली आणि हे टेबल पुसून कागद घेऊन बसले. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत पोलिसांकडे एक फॉर्म भरावा लागतो. आता तो ऑनलाइन भरतात, सायबर कॅफेतला मुलगा पाच मिनिटांत भरून देतो. पण हे कच्चा मसुदा केल्याशिवाय कसे जातील? रेघी कागदावर रकाने आखून झाले. तिघांचे पासपोर्ट जावयाने खिशातून काढून दिले. बाळाच्या पासपोर्टला मी शिवलेलं कापडी कव्हर होतं. लेकीने मुद्दाम मागवलं होतं, "आई, बाळाच्या पासपोर्टला एक छान कव्हर शिवून पाठव." मी लूमच्या तुकड्यांचं, रंगीबेरंगी, मन लावून शिवलं होतं.

ह्यांनी पासपोर्टांवरून मसुदा उतरवून घेतला आणि मग रुजवात आली. दुसरा माणूस हवा. मी भांडी घासत होते. ह्यांनी मान म्हणून पेन्सिल विहीणबाईंच्या हातात दिली. "काइंडली टिक, मॅडम." बाई खूश. चष्मा लावला, कागद पुढे ओढला, नाकासमोर धरला.

हे वाचू लागले. बाईंचं नाव, टिक. जन्मतारीख, टिक. नागरिकत्व ब्रिटिश, टिक. मग जावई. नागरिकत्व आयरिश. बाईंनी तेही टिक केलं, त्याने तो पासपोर्ट वडिलांच्या माघारी काढलेला त्यांना माहीत होता. मग नात. नाव, टिक. जन्मतारीख, टिक. "नागरिकत्व," हे नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचते झाले, "आयरिश."

टिक आली नाही.

ह्यांनी पुन्हा वाचलं. रुजवातीत दुसऱ्याने टिक केली नाही तर पुन्हा वाचायचं असतं. दुसऱ्यांदा अजून मोठ्याने. मी हात पुसत बाहेर आले तेव्हा जावई पांढराफटक आणि लेक बाळाच्या टाळूला तोंड लावून बसलेली. बाईंनी पेन्सिल कागदाच्या बाजूला, अगदी सरळ ठेवली. "माफ करा," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं.

अर्ध्या तासाने लेकीने येऊन सांगितलं, सासूबाई तिकीट बदलायला सांगताहेत. शनिवारी परत जायचं म्हणतात. बारशाच्या आदल्या दिवशी.

मी लेकीला स्वयंपाकघरात नेलं आणि फैलावर घेतलं. झालं होतं असं. बाळ झालं तेव्हा बाई मुलाला म्हणाल्या होत्या, पासपोर्टचं काय करायचं ते मला विचारून कर. हा म्हणाला, बघू. मग त्या आजारी पडल्या, मग ह्याची हिंमत झाली नाही, मग तिकिटं काढायची घाई. सांगू सांगू म्हणत राहून गेलं.

"आणि ते कव्हर? बाळाचा पासपोर्ट ब्रिटिश निळा नाही, आयरिश लाल आहे, ते दिसू नये म्हणून? मला तुझ्या कटात घेतलंस होय गं?"

"आई, दोन्ही पासपोर्ट काढता येतात तिला. नंतर दुसरापण काढणार होतो."

"मग लपवलंत कशाला? मूर्ख आहात दोघं!" मी म्हटलं. लेक रडायला लागली, मग मलाच वाईट वाटलं.

आमचे हे टेबलाशी तसेच बसलेले, रकान्यांकडे बघत. "मी फक्त वाचलं गं," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही नेहमी फक्त वाचताच." जरा जास्त बोलले, पण बोलले.

दिवेलागणीला मी चहा घेऊन आत गेले. बाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, बॅग उघडी, कपड्यांच्या घड्या घातलेल्या. मी विचारलं, तुमचा राग कशाचा आहे, देशाचा? त्या म्हणाल्या, "नाही. तिला हवा तो देश घेऊ दे. पण माझ्या नातीबद्दल कागद भरला गेला आणि मी त्या खोलीत नव्हते." त्यांनी आणखी एक घडी बॅगेत ठेवली. "माझी बाजू कुणीतरी नुसती मोठ्याने म्हणायला हवी होती. मग खोडली असती तरी चाललं असतं."

मी चहा खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसले. कारण 'खोडली' म्हटल्यावर मला जे आठवलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही. त्या परक्या बाईला मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं.

माझे बाबा भिवंडीतल्याच एका शाळेत क्लार्क होते. अक्षर असं की मुख्याध्यापक प्रमाणपत्रं त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. माझं लग्न झालं तेव्हा सासरी कुरकुर झाली, माहेरीही झाली, पण बाबा दर रविवारी माझ्याकडे यायचे. चहा घ्यायचे, नातीला, म्हणजे आमच्या लेकीला, फिरवून आणायचे. जयंतीच्या मिरवणुकीत ती त्यांच्या खांद्यावर असायची, हातात निळा झेंडा. मग ती शाळेत जायची झाली. त्याच शाळेत घालायचं ठरलं. प्रवेशाचा अर्ज ह्यांनी भरला, इथेच, याच टेबलावर. धर्म आणि जात या रकान्यात ह्यांनी स्वतःचं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. हेतू काही नव्हता. बापाचं लिहितात, म्हणून लिहिलं. मी समोर बसले होते. माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. मी टिक म्हटलं.

अर्ज शाळेत गेला आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद कोण करणार? बाबा. ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्या रविवारी आले, चहा घेतला, नातीला फिरवून आणलं.

बाबा वारल्यानंतर कैक वर्षांनी लेकीला परदेशी जायचं म्हणून त्या रजिस्टरचा उतारा लागला. तो आणायला मी गेले. तिथल्या बाईंनी जुनं रजिस्टर उघडलं. पानभर बाबांचं अक्षर, कुठे डाग नाही, कुठे खोड नाही. फक्त लेकीच्या ओळीत होती. धर्माच्या रकान्यात त्यांनी आधी 'बौ' असं लिहिलं होतं. एकाच अक्षराएवढी जागा, मग एक सरळ रेघ. वर 'हिंदू'. आणि शेजारी त्यांची छोटी सही, कारण सरकारी कागदावर खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते.

"पस्तीस वर्षं काउंटरवर," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "आम्हालाही करावी लागायची." त्यांनी माझा हात धरला. दोघी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मिस्टरांना माहीत आहे?"

मी नाही म्हणायला मान वर केली तर हे दारात उभे. टेबलावर राहिलेला बाईंचा चष्मा द्यायला आले होते. चष्मा त्यांनी कपाटावर ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्मची मुदत संपत आली होती. हे टेबलाशी बसले होते, पण कागदाला हात लावत नव्हते. विहीणबाई आल्या, गळ्याला रुमाल, चष्मा लावलेला. खुर्ची ओढून बसल्या आणि पेन्सिल उचलली. "आपण अर्ध्यावर थांबलो होतो," त्या म्हणाल्या. "वाचा."

ह्यांनी वाचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रुजवातीचा नियम मोडला आणि विचारलं. "मॅडम, नागरिकत्व काय लिहू?"

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो दारात बाळाला घेऊन उभा होता. त्या म्हणाल्या, "लिहा, ब्रिटिश." ह्यांनी लिहिलं. जावयाने तोंड उघडलं, पण लेकीने त्याचा दंड धरला. बाईंनी कागद स्वतःकडे ओढला, ते एकदा नीट वाचलं, त्यावर पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारली, वर 'आयरिश' लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. मग टिक केली.

"मतदान झालं ना," त्या मुलाला म्हणाल्या, "तर मी काठी टेकत जाईन आणि तुझ्या विरुद्ध मत देईन. पण या पोरीचा कुठलाही कागद यापुढे माझ्याशिवाय भरायचा नाही."

"नाही भरणार," तो म्हणाला, आणि एवढा मोठा बाप्या आईच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसून हमसाहमशी रडला. बाळाला वाटलं खेळ चाललाय, ते आजीच्या रुमालाला लोंबकळलं. तिकिटाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

हे फॉर्म भरायला गेले. सायबर कॅफे खालच्या गल्लीत, पण दुपारचे दीड वाजले तरी पत्ता नाही. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. शेवटी आले ते सरळ स्वयंपाकघरात, चप्पलसुद्धा न काढता. मी ओरडणार होते.

"शाळेत गेलो होतो," ते म्हणाले. "क्लार्क ओळखीचा आहे. रजिस्टर दाखव म्हटलं."

मी गॅस बारीक केला.

"पाहिलं मी. बाबांची सही." ते ओट्याला टेकले. "ते दर रविवारी यायचे गं. इथे बसायचे. मी त्यांना विचारायला हवं होतं. निदान तुला तरी."

इतकी वर्षं मी मनात सगळी वाक्यं तयार ठेवली होती, की हे कधी असं म्हणाले तर मी काय काय ऐकवीन. त्यातलं एकही आठवेना. "तुम्ही एकट्यानेच नाही केलं," मी म्हटलं. "मी समोर बसले होते. मी टिक म्हटलं होतं." मग मी पदर तोंडाला लावला आणि ते माझ्याजवळ उभे राहिले, चपलेसकट.

रविवारी बारसं झालं. घर माणसांनी गच्च भरलं. पाळण्याखालून मी बाळ द्यायचं आणि वरून विहीणबाईंनी घ्यायचं, हे त्यांना इतकं आवडलं की त्या थांबेचनात, बाळ मात्र कंटाळून रडायला लागलं. पाळण्याशेजारी पाटावर ह्यांनी सकाळीच एक फोटो आणून ठेवला होता. माझ्या बाबांचा. आमच्या आतल्या खोलीतला तो फोटो कुठल्याच कार्याला बाहेरच्या खोलीत आला नव्हता. मी ठेवा म्हटलं नव्हतं, ह्यांनी आपण होऊन हार घातला होता.

विहीणबाईंनी फोटोकडे बोट करून ह्यांना विचारलं, "हे कोण?"

"आमच्या घरातले हेड क्लार्क," हे म्हणाले. "काइंडली, त्यांना विचारून मग पाळण्यातलं नाव ठेवू."

विहीणबाईंनी गळ्याचा रुमाल नीट केला, बाळाला उचललं आणि फोटोसमोर धरलं.